जमीन आरोग्य पत्रिकेतली तेरावी ओळ

मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातला काजू बागायतदार. सहा वर्षांपूर्वी आमच्या वरकस जमिनीत हेक्टरभर जागेत 200 कलमं लावली. त्याआधी जेसीबी आणून करवंदी, तोरण, किंजळ सगळं खरवडून काढलं. बाग म्हणजे कशी तळहातासारखी दिसली पाहिजे, ही हौस! आज गडग्यालगतची (दगडी कुंपणाकडची), म्हणजे जेसीबी पोचला नाही तिथली कलमं बोंडांनी लगडतात आणि मधली अजून माझ्या कमरेला आहेत. खत मधल्यांनाच जास्त घातलं, हे लिहिताना लाज वाटते.

दोन्ही ठिकाणची माती तपासून घेतली. सेंद्रिय कर्ब थोडा इकडेतिकडे, बाकी आकडे सारखेच. 2015 पासून मिळणाऱ्या सरकारी जमीन आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात: नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश, सामू (पीएच), जस्त, लोह वगैरे. मातीत जिवंत काय आहे, ते त्यात कुठेच नाही.

साहेब, आमच्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. घातलेलं स्फुरद ते धरून बसतात, सोडत नाहीत. मुळाच्या अवतीभवतीचं एक-दोन मिलिमीटरमधलं स्फुरद संपलं की मूळ उपाशी. तिथून पुढे जाते ती मायकोरायझा बुरशी. केसाहूनही बारीक तिचे तंतू कित्येक सेंटिमीटर लांबून स्फुरद आणतात. मुळाच्या पेशीत शिरून ही बुरशी चिमुकल्या झाडासारखा फांद्यांचा झुपका करते. देवघेव तिथे होते: बुरशी स्फुरद देते, झाड साखर देते. ही सोयरीक 40 कोटी वर्षांहून जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या जीवाश्मांत ती दिसते. आंबा, काजू, भात, करवंद, सगळ्यांची हीच रीत. (पावसात वारुळावर उगवते ती अळंबी वेगळी. ती वाळवीची सोयरी.)

पण ही बुरशी झाडाच्या जिवंत मुळाशिवाय जगू शकत नाही. रान खरवडलं की तिचं जेवण बंद, तंतू तुटलेले, आणि वरची माती पहिल्याच पावसात वहाळाला. उरलीसुरली असेल तिच्यावर आम्ही सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत, ओततो. स्फुरद आयतं मिळालं की झाडही बुरशीला साखर द्यायला हात आखडतं. सगळं श्रेय मी बुरशीला देत नाही. गडग्याकडे माती खोल आहे, पातेरा (पालापाचोळा) साठतो, ओल टिकते. पण ते तरी कुणी राखलं? रानानेच ना.

दुकानात मायकोरायझाची पावडर मिळते, खत नियंत्रण आदेशातही तिला जागा आहे. मी आणलेला पुडा पत्र्याखाली उन्हात पडलेला होता. त्यात जीव होता की नुसती माती, मला काय कळणार?

आपल्या खात्याला एक जुनी गोष्ट सांगतो. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या कृषिमंत्र्यांनी फ्रांक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ट्रफल ही महागडी अळंबी पिकवता येते का ते बघायला सांगितलं. ते काही जमलं नाही, पण झाडांची मुळं बुरशीसोबत जगतात हे त्याला दिसलं, आणि 1885 मध्ये त्याने ‘मायकोरायझा’ हा शब्द घडवला. मंत्र्यांनी विचारलं म्हणून हे झालं.

तसं आपणही विचारा. पत्रिकेत तेरावी ओळ घाला: मुळात बुरशी किती. मुळं धुऊन, उकळून, रंगवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. शाई आणि व्हिनेगरनेही रंगवता येतात. दापोलीचं विद्यापीठ आमच्या जिल्ह्यातच आहे. आणि फळबाग लागवडीचं अनुदान देताना खड्डे मोजता, तसं कलमांच्या दोन ओळींमधलं रान किती राखलं तेही मोजा.

शेजारच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) दसऱ्यानंतर जेसीबी यायचा आहे. त्याआधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना पाठवलंत, तर गडग्याकडचं एक आणि मधलं एक, दोन्ही कलमांची मुळं उकरून त्यांच्या हातात देतो.

आपला,
एक काजू बागायतदार
ता. राजापूर, जि. रत्नागिरी