गृहविलगीकरणाच्या फॉर्मवर शेजाऱ्याचा रकाना हवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

एप्रिल 2021 मध्ये आमच्या गल्लीतले आबा आणि माई दोघंही कोरोना पॉझिटिव्ह निघाले. मुलगा-सून चाकणला कंपनीत. प्रवासाचा ई-पास काढून येईपर्यंत चार दिवस जाणार होते. सरकारी माणसं आली, दारावर स्टिकर लावला, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले आणि गेली. माझं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, मधल्या दिवसांत टँकर. बांबू बांधल्यावर टँकर आत येईना. "वारंवार हात धुवा" हे आम्ही रोज ऐकत होतो, आणि माईच्या ड्रमात तळाला घागरभर पाणी होतं.

मग गल्लीनंच सोय लावली. पोरांनी बांबूपासून माईच्या उंबऱ्यापर्यंत हंडे वाहिले. भाकरी माझ्याकडून, वरण शेजारच्या वहिनींकडून. समोरच्या भाभींचे रोजे चालू होते. पहाटे सहेरीला उठल्या की त्या आधी माईच्या खिडकीकडे बघायच्या. दिवा लागला म्हणजे रात्र बरी गेली, असं माईशी फोनवर ठरलं होतं. पाचव्या पहाटे दिवा लागला नाही. भाभींनी फोन लावला, आमच्या आशाताईंना, म्हणजे सरकारच्या आशा आरोग्य स्वयंसेविकेला, उठवलं. आबांचा ऑक्सिजन 86 होता. गल्लीतल्याच एकाने रिक्षा काढली, चौथ्या दवाखान्यात खाट मिळाली. आबा आज ओट्यावर बसून पेपर वाचतात.

महोदय, केंद्राच्या गृहविलगीकरणाच्या सूचनांत लिहिलं होतं की रुग्णाजवळ काळजी घेणारी व्यक्ती चोवीस तास हवी. ज्या घरात दोनच म्हातारी माणसं आहेत आणि दोघंही आजारी, तिथे ती व्यक्ती कोण? हे आम्हाला कोणी विचारलं नाही. भाभींना पास नव्हता, धड मास्क नव्हता, ताप वाढला तर काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. आमच्या आशाताई उन्हात दारोदार फिरत होत्या, पण पहाटे चार वाजता प्रत्येक खिडकी त्या कशा बघणार?

शेजार नेहमी चांगलाच वागला असं मी म्हणणार नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परत आली, तेव्हा कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. आपलीच माणसं, लेकरांसकट शेतात थांबली. आमच्या गल्लीतही एका नर्सबाईला पाणी भरायला मनाई करणारी दोन घरं निघाली. मला त्याची अजून लाज वाटते, कारण मी तेव्हा गप्प बसले. आता वाटतं, आमच्या हातात भीतीशिवाय काही दिलंच नव्हतं. भाभींच्या हातात काम आलं, तशी त्यांची भीती कमी झाली. खरं तर आमच्या मुलखाला हे नवं नाही. दिवाळीनंतर कोयते घेऊन तरणी माणसं निघतात, तेव्हा बीडच्या गावागावांत मागे राहिलेली म्हातारी शेजाऱ्याच्याच भरवशावर असतात.

1897 चा साथरोग कायदा प्लेगच्या दिवसांतला, मुळात चार कलमांचा. अडवायचं, तपासायचं, वेगळं ठेवायचं, याचा अधिकार त्यात आहे. वेगळं ठेवलेल्याच्या दाराशी हंडा कोण ठेवणार, याचा शब्द नाही. पुढच्या साथीची तयारी कागदावर आणताना तो आपण घालावा.

माझी मागणी साधी आहे. गृहविलगीकरणाच्या फॉर्मवर शेजाऱ्याचा एक रकाना ठेवा. रुग्णाने आपल्या पसंतीने त्यात नाव सांगावं. त्या शेजाऱ्याला सहीशिक्क्याचा पास, मास्क, आशाताईंचा नंबर आणि ऑक्सिजन मोजायचं यंत्र द्यावं, वापरायला शिकवावं. गल्ली बंद करण्याआधी पाणी कुठून येणार हे लिहून घेतल्याशिवाय बांबू बांधू नयेत. एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण, कोणाची बीपी-शुगरची गोळी चालू आहे, कोण बाळंतीण आहे, याची वही आशाताईंनी आणि गल्लीने मिळून आत्ताच, साथ नसताना, करावी. त्या कामाचं मानधन आशाताईंना वेळेवर मिळावं.

आमच्या गल्लीची वही आम्ही केली आहे. बावीस घरं आहेत. माईच्या नावापुढे भाभींचं नाव आहे आणि भाभींच्या नावापुढे माझं.

आपली विश्वासू,
मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातली रहिवासी