चंद्रकळा घे, गाऊन नको

प्रिय सुमे,

“सात रात्रींना सात गाऊन कुठून आणू?” हे तुझं वाचून हसूच आलं. अगं, एकही आणू नकोस. क्वीन मेरी २ या बोटीवर साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींत थाटाच्या, म्हणजे गालाच्या, रात्री दोनच. त्या दिवशी पुरुष टक्सिडो नाहीतर गडद सूट घालतात आणि आपला देशी पेहरावही चालतो, तशी नियमातच सोय आहे. तेव्हा भाऊजींचा बंदगळा काढ, नवा कोट शिवत बसू नका.

एक गाला बहुधा ब्लॅक अँड व्हाइट असते. तिला तुझी संक्रांतीची चंद्रकळा! काळ्यावर पांढऱ्या बुट्ट्या आणि गळ्यात तन्मणी, बघत राहतील गोऱ्या मडमा. दुसरीला ते मरून टसर. पैठणीचा मोह आवर. जड असते, घडीवर जर मोडते, आणि विमानाचे २३ किलो कुणाला चुकलेत?

उरलेल्या रात्री सहानंतर नीटनेटकं दिसलं की झालं. एक काळी सिल्कची पलाझो, तिच्यावर दोन-तीन कुर्ते. टसरलाच वेगळं ब्लाउज घातलंस की आणखी एक रात्र निघाली. शाल हवीच, जेवणघरातला एसी हाडं गोठवतो.

निऱ्यांना आतून मोठी पिन लाव. बोट डुलायला लागली की एक हात जिन्याच्या कठड्याला लागतो, मग निऱ्या सावरायच्या कशाने? चपला चपट्याच घे. खोलीत इस्त्रीला बंदी आहे, पण लाँड्रीत फुकट मिळते. गालाच्या दुपारी तिथे रांग लागते, म्हणून पहिल्याच दिवशी साड्या उरकून टाक. आणि बंदरावर दिलेली बॅग खोलीत यायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेव.

नटायला वेळ मात्र भरपूर. न्यूयॉर्कला पोचेपर्यंत घड्याळ एकूण पाच तास मागे जातं, बहुतेक रात्री एकेक तास फुकटचा. (उलट दिशेने येणाऱ्यांचे तेवढेच तास जातात, बिचारे.)

ब्लाउजं मात्र आजच शिवायला टाक. तुझी ती शिंपीण दिवाळीच्या आधी काही हातात देत नाही.

तुझी,
नंदा