भिंत विटांची की लाकडी सांगाड्याची?

महोदय,
विटांचे घर भक्कम, म्हणजे ते उष्णताही अडवणार, हा समज सर्रास आढळतो. नुसती वीट उष्णता अडवण्यापेक्षा साठवते अधिक. दिवसभर तापलेली भिंत म्हणूनच रात्री खोलीत उकाडा सोडत राहते. लाकडी सांगाड्याच्या पोकळीत खनिज लोकर (दगड किंवा काचेच्या तंतूंचा मऊ थर) बसवता येते, आणि तिच्यातून उष्णता कितीतरी कमी वाहते.

ओलाव्याचे गणित मात्र उलटे. वीट पाणी शोषते, पण सुकतेही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की कूज सुरू होऊ शकते, तीही आतल्या आत, बाहेरचा रंग शाबूत असताना! म्हणून थंड हवामानात लाकडी भिंतीत बाष्परोधक पडदा, म्हणजे घरातली वाफ भिंतीत शिरू न देणारा थर, आतल्या, उबदार बाजूलाच हवा. विटांच्या घराला जोत्यावर डीपीसी, म्हणजे जमिनीतला ओलावा भिंतीत चढू न देणारा थर, हवीच; ती वगळू पाहणाऱ्या ठेकेदाराला तिथेच थांबवा, नंतर ती घालायला भिंत कापावी लागू शकते.

– एक वाचक