शेततळ्याच्या सांडव्याचे सदोष काम दुरुस्त करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, शेततळे अस्तरीकरण विभाग

विषय : पन्हाळा तालुक्यातील ३० × ३० × ३ मीटर शेततळ्याचा सांडवा

महोदय,

आपल्या कोटेशनमध्ये ‘५०० मायक्रॉन कागद व सांडवा पाइपसह संपूर्ण काम’ असे लिहिले आहे. कागदाबद्दल, म्हणजे तळ्याच्या एचडीपीई प्लास्टिक अस्तराबद्दल, तक्रार नाही. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारा पाइप, मात्र तरण्या (पुनर्वसू नक्षत्राच्या) पावसातच निकामी झाला. पाणी बांधावरून वाहिले, बाहेरच्या उताराला घळ पडली आणि तांबडी माती खालच्या भाताच्या खाचरांत, नुकत्याच झालेल्या रोपलागणीवर जाऊन बसली. ‘पाऊसच जास्त झाला’ हे आपल्या सुपरवायझरचे उत्तर आम्हाला मान्य नाही, कारण हिशेब साधा आहे.

वरच्या रानाचे पाणी चर काढून बाहेरून वळवलेले आहे. म्हणजे तळ्यात फक्त थेट पाऊस पडतो. ९०० चौरस मीटरवर तासाला ५० मिलिमीटरची सर आली, तर तासात ४५,००० लिटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा लिटर पाणी येते. पन्हाळा-शाहूवाडीच्या पट्ट्यात अशी सर नवलाची नाही. आपण बसवलेला पाइप ११० मिलिमीटरचा, आणि त्याचा तळ बांधाच्या माथ्यापासून अवघा १५ सेंटिमीटर खाली. तळे काठोकाठ भरले तरी त्यातून सेकंदाला ७ लिटरच्या आसपासच पाणी जाईल. त्यात तोंडाला जाळी नाही, त्यामुळे पालापाचोळा आत अडकतो. नवा भराव दबतो, हेही धरलेले नाही. जिथे माथा खचला तिथूनच पाणी गेले.

यापेक्षा गंभीर दोष पाइप आणि कागदाच्या जोडाचा आहे. कागद कापून त्यातून पीव्हीसी पाइप काढला, वर पीव्हीसीचेच सोल्युशन लावले आणि चिकटपट्टी गुंडाळली. एचडीपीई कागदाला हे सोल्युशन धरतच नाही. वाळलेला थर नखाने पापडासारखा सुटतो. तिथून पाणी कागदाखाली उतरले आहे. आता मोटर लावून तळे उपसायचीही सोय राहिली नाही, कारण वरचे पाणी कमी झाले की खालचे पाणी कागद फुगवते आणि वेल्डिंगवर ताण येतो. पाइपाच्या बाहेरून पाणी झिरपून भरावातली मातीही वाहू लागली आहे. हे असेच राहिले तर बांध तिथेच फुटेल.

आमची मागणी अशी. जुना पाइप काढून २०० मिलिमीटरचा एचडीपीई पाइप बसवावा. त्याचा तळ दबलेल्या बांधाच्या सर्वांत खालच्या माथ्यापासून ५० सेंटिमीटर खाली असावा. माप लेव्हल ट्यूबने, आमच्यासमोर घ्यावे, नजरेने नाही. पाणी पाइपाच्या तळावर २५ सेंटिमीटर चढले की हा पाइप सेकंदाला २५ ते ३० लिटर काढतो आणि बांधाला तेवढीच उंची मोकळी राहते. पाइपाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा. पाइपाच्या बाहेरून पाणी झिरपू नये म्हणून भरावात त्याभोवती काँक्रीटच्या दोन कॉलर (कडी) घालाव्यात आणि माती ओलसर करून १५ सेंटिमीटरच्या थरांनी धुमसाने ठोकावी. एकदम ढकलून वरून पाणी मारलेले चालणार नाही.

जोडासाठी त्याच कागदाची बाही करून ती कागदाला आणि पाइपाला गरम वेल्डिंगने जोडावी. आधी तुकड्यावर वेल्डिंग करून ओढून दाखवावे : कागद फाटला पाहिजे, जोड सुटता कामा नये. पाइपाचे बाहेरचे तोंड उतारावर न सोडता पायथ्यापर्यंत न्यावे, पाणी पडते तिथे दगडी पिचिंग (दगडांचा थर) करावे आणि पुढे ओढ्यापर्यंत चर काढावा. आतल्या तोंडाला काढता-घालता येणारी जाळी हवी.

कागदाखालचे पाणी काढणे, तळाची माती पुन्हा सारखी करणे आणि घळ बुजवणे हा खर्चही आपलाच आहे.

पाऊस उघडताच काम सुरू करावे. तोवर बांध वाचवण्यासाठी तात्पुरत्या सायफन पाइपाची सोय या आठवड्यातच करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू. खाचरांच्या नुकसानीची रक्कमही त्यात धरू.

सोबत : कोटेशन व पावतीच्या प्रती, जोडाचे आणि घळीचे फोटो.

आपले,
शेततळ्याचे खातेदार शेतकरी
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर