आठवडे कोण वाया घालवते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गर्भपाताच्या हक्कावर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की ती दोन ठरलेल्या जागी जाऊन बसते. एकीकडे 'गर्भ म्हणजे जीवच', दुसरीकडे 'शरीर माझे, निर्णय माझा'. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि मी त्यांतले एकही उडवून लावणार नाही. पण दवाखान्याच्या दारात जे घडते, त्याचा उलगडा या दोन्ही वाक्यांनी होत नाही. तिथे सगळा हिशेब आठवड्यांचा असतो. ते आठवडे कुठे आणि कुणामुळे जातात, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी कायद्याची मांडणी. गर्भपात हा आपल्या कायद्यात हक्क म्हणून लिहिलेलाच नाही. १८६० च्या दंडसंहितेने तो गुन्हा ठरवला. तेच कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८८ व्या क्रमांकावर आले आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, आणि बाळ पोटात हलू लागल्यानंतर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीसुद्धा या कलमात गुन्हेगार ठरते. भोंदूंच्या हातून होणारे गर्भपात आणि त्यातले मृत्यू सरकारला दिसत होते, म्हणून १९६४ मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने गुन्हा पुसला नाही. ठरलेल्या अटी पाळणाऱ्या डॉक्टरला शिक्षेतून सूट दिली, एवढेच. म्हणजे कायद्याचे संरक्षण मुळात डॉक्टरला आहे. पुढचा सगळा गोंधळ यातून निघतो, कारण ज्याला शिक्षेची भीती आहे तो माणूस कायद्यात आहेत त्याहून दोन कागद जास्तच मागतो.

आता आठवडे. गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे गर्भ राहण्याआधीचे सुमारे दोन आठवडे त्यात आपोआप धरलेले असतात. पाळी चुकल्याचे लक्षात येते त्या दिवशी चार आठवडे उलटून गेलेले असतात. आठवडाभर वाट पाहून घरी लघवीची तपासणी केली तर पाच. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत नऊ आठवड्यांची, म्हणजे ६३ दिवसांची. हाताशी उरतात ते जेमतेम चार आठवडे, तेही पाळी नियमित असली तर.

या चार आठवड्यांत प्रकरण सर्वांत सोपे असते. एका पाकिटात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम थांबवते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या चार गोळ्या गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळेत घेतल्या तर शंभरात पंचाण्णवहून अधिक जणींना पुढे काही करावे लागत नाही. बिघडते ते ठरलेल्या ठिकाणी. मधले अंतर न पाळता सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या जातात. बाराव्या-तेराव्या आठवड्यात 'अजून दोनच महिने झालेत' अशा अंदाजाने घेतल्या जातात आणि अर्धवट गर्भपात होऊन अंगावरून भयंकर जाते. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा उपयोगच नसतो. एका बाजूला पोटात तीव्र कळ आणि भोवळ आली तर त्या क्षणी रुग्णालय गाठावे लागते. तासाला दोन जाड पॅड भिजताहेत आणि असे सलग दोन तास चालले आहे, तर तेव्हाही थांबायचे नाही. गोळ्या घेऊनही गर्भ राहिलाच तर तो तसाच वाढू देणे धोक्याचे, कारण मिसोप्रोस्टॉलमुळे बाळात व्यंग येऊ शकते.

उलटी चूकही होते. गर्भपात पूर्ण झाल्यावरही लघवीची तपासणी तीन-चार आठवडे गर्भ असल्याचेच दाखवू शकते. सोनोग्राफीत थोड्या गुठळ्या दिसतात. तेवढ्यावरून घाबरून पिशवी खरवडून काढली जाते. पंधराव्या दिवशी नीट तपासणी केली आणि बाईला बरे वाटत असेल तर बहुतेक वेळा याची काहीच गरज नसते.

नऊ आठवडे गेले की यंत्राचा मार्ग. बारा आठवड्यांपर्यंत ६० मिलिलिटरच्या हातपिचकारीने आणि प्लॅस्टिकच्या नळीने गर्भ ओढून घेण्याचे काम भुलीच्या इंजेक्शनवर पाच-दहा मिनिटांत होते. धारदार लोखंडी हत्याराने खरवडण्याची जुनी पद्धत सोडा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. बारा आठवड्यांपर्यंत प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टरही हे करू शकतो. त्यापुढे मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्या विभागातला ठरलेला अनुभव असलेला डॉक्टर आणि त्यासाठी मान्यता असलेले केंद्र लागते, आणि इथेच ग्रामीण भागातल्या बाईसमोरची बहुतेक दारे बंद होतात. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीसमध्ये दोघांचे मत लागते आणि बाई नियमात लिहिलेल्या गटात बसावी लागते: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा वा घटस्फोटित झालेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. चोवीसच्या पुढे फक्त गर्भात गंभीर व्यंग असेल तर, आणि तेही तज्ज्ञ डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाने मान्य केले तर. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे आणि पाच दिवसांत प्रक्रिया पार पाडली जाईल हे पाहायचे, असे २०२१ चे नियम सांगतात. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागला तर यातली कुठलीच मुदत आड येत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

ही चढण एकदा डोळ्यांसमोर आणली की एका आठवड्याची किंमत कळते. आणि हा आठवडा जातो कशात? नवऱ्याची सही आणा, सासूला घेऊन या, आधारकार्डाची प्रत द्या, लग्नाचा दाखला द्या, बलात्कार असेल तर आधी पोलिसांत गुन्हा नोंदवा, नसबंदी किंवा तांबी बसवून घेणार असाल तरच करू. यांतली एकही अट कायद्यात नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची नमुना 'सी' या संमतीपत्रावरची एक सही पुरते. पालकाची लेखी संमती लागते ती फक्त अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तेव्हा. नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वीस आठवड्यांच्या आत 'गर्भनिरोधक साधन फसले' एवढे कारण पुरेसे आहे, आणि २०२१ पासून तिथे 'नवरा' नव्हे तर 'जोडीदार' हा शब्द आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रीला वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून वगळता येणार नाही असे सांगितले, या कायद्यापुरता बलात्कारात नवऱ्याने केलेला बलात्कारही धरला आणि डॉक्टरांनी कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत असेही बजावले. हा निकाल किती दवाखान्यांच्या नोंदणी टेबलापर्यंत पोहोचला आहे, हे कुणीही एक फेरी मारून पाहावे.

सर्वांत मोठी गल्लत गर्भलिंगनिदानाची. महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तो हवाच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, हा आकडा विसरण्यासारखा नाही. पण त्या मोहिमेच्या भरात 'गर्भपात म्हणजे स्त्रीभ्रूणहत्या' असे समीकरण लोकांच्या मनात बसले, आणि तपासणीचा ससेमिरा नको म्हणून अनेक औषध दुकानांनी या गोळ्या ठेवणेच सोडले. जरा विचार करावा. गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांची. सोनोग्राफीत लिंग भरवशाने कळू लागते ते बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. त्याआधी मुलगा आणि मुलगी यांचे बाह्य अवयव दिसायला सारखेच असतात. आईच्या रक्तावरून केली जाणारी चाचणीही साधारण दहाव्या आठवड्यापासून करतात, आणि तिच्यातून लिंग सांगणे हाही गुन्हाच आहे. म्हणजे गोळ्या बंद करून लिंगनिवड थांबत नाही. जिला लवकर आणि सुखरूप सुटका मिळाली असती तिला मात्र आपण बाराव्या आठवड्याच्या पलीकडे ढकलतो. लिंगनिवडीचा गुन्हा पडद्यावर पाहून लिंग सांगितले जाते तिथे घडतो. पहारा तिथे, सोनोग्राफीच्या खोलीत हवा.

अल्पवयीन मुलींचे तर आणखी हाल. बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. न कळवल्यास त्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद. आईबाप बदनामीच्या भीतीने परत फिरतात आणि मुलगी थेट पाचव्या-सहाव्या महिन्यात पुन्हा येते. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही, हेही २०२२ च्या त्याच निकालात आहे. एवढे एक वाक्य पहिल्या भेटीत त्या आईला सांगितले गेले तर किती फरक पडेल!

आता नैतिक प्रश्नाकडे येतो. गर्भाला काहीच मोल नाही असे मी म्हणत नाही. सहा आठवड्यांचा गर्भ आणि सव्वीस आठवड्यांचा गर्भ यांत फरक आहे, हे प्रत्येक आईला आणि प्रत्येक डॉक्टरला कळते. सव्वीस आठवड्यांचे बाळ नवजात अतिदक्षता विभागात जगू शकते. म्हणूनच इतक्या उशिरा, कळा आणण्याआधी गर्भाचे हृदय थांबवायचे का, असा प्रश्न डॉक्टरांपुढे उभा राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हेच आले. दोन मुलांची आई, अंगावर दूध पीत असलेले बाळ आणि त्यामुळे पाळी आलेलीच नव्हती, म्हणून दिवस गेल्याचे कळले नाही. आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि शेवटी तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. त्या न्यायालयातला पेच खरा होता. पण ज्यांना उशिराच्या गर्भपाताने अस्वस्थ वाटते, त्यांनी आठव्या आठवड्यातल्या बाईला सहीसाठी परत पाठवणाऱ्यांना जाब विचारायला हवा. उशिराचे गर्भपात कमी करण्याचा एकच रस्ता आहे: लवकरचे गर्भपात विनाअट होऊ देणे.

आणखी एक गोष्ट सलते. चोवीस आठवड्यांनंतर, जीव धोक्यात असल्याखेरीज, बाईची कितीही दुर्दशा झाली तरी कायद्याला ते कारण पुरत नाही, मात्र गर्भातले व्यंग पुरते. म्हणजे मुदत बाईच्या दुःखासाठी वाढत नाही, अपंग मूल नको म्हणून वाढते. अपंगांच्या चळवळीतून यावर आक्षेप येतो तो योग्य आहे. त्यावर उपाय व्यंगाचे कारण काढून टाकण्याचा नव्हे, बाईच्या अवस्थेलाही तितकेच वजन देण्याचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मंडळाने नुसते आठवडे मोजून थांबू नये, गर्भवतीच्या शरीर-मनावर काय परिणाम होईल याचे कारणासह मत द्यावे. आठवडे मोजण्यातही खोट असते. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी पाच-सात दिवसांच्या फरकाने वय सांगते, बाविसाव्या आठवड्यानंतर तो फरक दहा-चौदा दिवसांवर जातो. म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवावा आणि मंडळानेही तोच धरावा. नव्या तपासणीत चोवीस आठवडे एक दिवस निघाले म्हणून दार बंद करणे हे शास्त्राला धरून नाही.

कायद्यात दोन बदल तातडीने हवेत. कलम ८८ मधून स्वतः गर्भवतीला वगळावे, आणि चोवीस आठवड्यांपर्यंत गटांची यादी काढून तिची इच्छा हेच कारण मानावे. तोवर ज्यांना नकार मिळतो त्यांनी एवढे करावे: नकार लेखी मागावा, त्यावर तारीख आणि त्या दिवशीचे आठवडे लिहून घ्यावेत, आणि त्याच दिवशी दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात जावे. चोवीसच्या जवळ असाल तर वाट न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि उच्च न्यायालयात अर्ज करायचा तर तो लेखी नकाराचा कागद सोबत हवा.

आपली,
स्त्रीआरोग्याच्या क्षेत्रातील एक वाचक