मैदानाबाहेरच्या रस्त्याचीही काळजी घेणाऱ्या ताई-दादांना

प्रिय ताई-दादांनो,

सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी मैदानावर फक्की मारून, सायकलचा पंप आणि पाने घेऊन मुलांची वाट बघत उभे राहणारे तुम्ही सगळे. कुणी बँकेत, कुणी कॉलेजात शिकणारे, एक काका निवृत्त झालेले. मुलांकडून एक रुपया न घेता तुम्ही सायकल शिकवता. नावं घेतलेली तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून घेत नाही. पण चार लोकांनी वाचावेत म्हणून हे आभार उघडपणे लिहितेय.

माझी लेक आता आपल्या बेळगावच्या वडगावातून नाथ पै सर्कल, गोवावेस करत टिळकवाडीच्या शाळेला सायकलवरून जाते. तिच्या वर्गातल्या आणखी दोघी-तिघी वाटेत मिळतात. तुमच्यामुळे हे झालं. मात्र तोल सांभाळायला शिकवलंत एवढ्यासाठीच हे पत्र नाही.

शिकवायला सुरुवात कुठून केलीत, तेच मला फार आवडलं. पहिल्या दिवशी सायकलींची पॅडलं काढून टाकलीत आणि सीट इतकी खाली आणलीत की मुलांचे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकावेत. मुलं पायांनी जमीन रेटत निघायची, वेग आला की पाय उचलायची. तोल जमल्यावर मगच पॅडलं परत बसली. आमच्या लहानपणी कुणीतरी मागनं कॅरिअर धरून पळायचं आणि न सांगता सोडून द्यायचं. गुडघे फुटल्यावर कुठे सायकल यायची. तुमच्या मैदानावर मूल पडलं तरी घाबरलेलं मी बघितलं नाही.

आणि तो बोटांचा सराव! मूल फक्कीच्या दोन रेघांमधून सायकल नेत असायचं, ताई मागे उभ्या राहून हाक मारायच्या आणि हाताची बोटं वर करायच्या. मुलानं मान वळवून किती बोटं ते सांगायचं, पण चाक रेघेवर जाऊ द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. मान उजवीकडे वळली की हातही तिकडेच ओढला जातो, आणि मागनं गाडी येत असते नेमकी त्याच बाजूला सायकल सरकते. लेकीचं चाक बरेच रविवार फक्कीवर जात राहिलं. टायर पांढरा करूनच ती घरी यायची. मग एकदा ती "तीन!" म्हणून ओरडली आणि रेघ जशीच्या तशी राहिली. ताई, तुम्ही तेव्हा टाळ्या वाजवल्या नाहीत. "परत एकदा कर की," एवढंच म्हणालात. खरं शिकवणं असंच असतं, असं मला वाटतं.

त्यानंतरच तिला वळायला शिकवलंत. आधी मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग दोन्ही हात हँडलवर आणून वळायचं. उभ्या मोटारींना चिकटून जायचं नाही, कुणी अचानक दार उघडलं तरी लागणार नाही एवढी जागा सोडायची. निघण्याआधी हवा, ब्रेक, चेन बघायची. हेल्मेटचा पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवायचा. हे सगळं आता घरी रोज सकाळी आपोआप चालतं, मला सांगावं लागत नाही.

पावसाळ्यात रेल्वे गेटाची मला खरी धास्ती होती. आपल्या बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, जूनला सुरू झाला की रस्ता वाळतच नाही. ओल्या रुळांवरून तिरकं गेलं की चाक घसरतं, नाहीतर रुळाशेजारच्या खोबणीत अडकतं. तुम्ही मैदानात दोन लोखंडी पट्ट्या टाकून त्यावर पाणी ओतलंत आणि मुलांना त्या काटकोनात ओलांडायला लावल्यात. ब्रेक पट्ट्यांच्या अलीकडेच दाबायचा, पट्ट्यांवर नाही. गर्दी असली तर उतरून सायकल ढकलत न्यायची आणि त्यात लाज वाटून घ्यायची नाही, हेही बजावलंत.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो ट्रॅक्टरचा रविवार. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी ओळखीच्या एका शेतकऱ्याला विनंती करून तुम्ही ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या मैदानात उभ्या केल्यात. एकेका मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलंत आणि बाकीच्यांना सायकली घेऊन ट्रॉलीच्या डाव्या अंगाला उभं केलंत. "सांग बघू, कोण कोण दिसतंय?" मुलगा इकडे वाकला, तिकडे वाकला. खाली आठ-दहा मुलं उभी होती आणि त्याला एकही दिसत नव्हतं. मग शेतकरीदादांनी ट्रॅक्टर सावकाश डावीकडे वळवून दाखवला. पुढचं चाक गेलं त्या वाटेनं मागची ट्रॉली येत नाही, ती आतल्या बाजूला कापत येते, हे मुलांनी डोळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून लेक ट्रॉलीच्या शेजारी थांबत नाही, मागेच राहते. जाण्यापूर्वी त्या ट्रॉल्यांच्या मागे चमकणाऱ्या लाल पट्ट्या मुलांच्याच हातून चिकटवून घेतल्यात. ऊस भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्याकडेला उभी असते तेव्हा काय होतं, ते या भागात कुणाला सांगायला नको.

"जपून जा" असं मुलांना सगळेच सांगतात. तुम्ही मोठ्यांनाही जाब विचारलात, आणि माझे खरे आभार त्यासाठी आहेत. पालकांच्या सभेत दादांनी सांगितलेला आकडा मी विसरू शकत नाही: २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्याच सभेत त्यांनी वेगाचं गणित मांडलं. ताशी ३० वरून ६० वर गेलं की वेग दुप्पट होतो, पण धडकेचा जोर चौपट. म्हणून शाळेसमोरचा रस्ता ३० चाच असावा, असं तुमचं म्हणणं. नेदरलँड्समध्येही १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं गेली होती, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तिथले आईबाप रस्त्यावर उतरले आणि हळूहळू रस्ते बदलले. आज तिथली मुलं सायकलवरून शाळेला जातात, हे सांगताना दादांचा आवाज भरून आला होता.

मला आणखी एक गोष्ट पटली. आपल्या कर्नाटक राज्यात २००६-०७ पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलांना सायकली वाटायला सुरुवात झाली. कितीतरी मुलींची शाळा त्या सायकलीमुळे टिकली असेल, योजना चांगलीच होती. पण सायकल हातात आल्यावर ती गर्दीच्या रस्त्यावर कशी चालवायची, हे शिकवायला कोण होतं? ती जागा तुम्ही भरून काढताय. आणि नववीतल्या पोराला स्कूटी देणाऱ्या पालकांना तुम्ही स्पष्ट सांगितलंत: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सभेतले दोन-तीन बाबा चुळबुळले. बरं झालं सांगितलंत.

मग शाळेच्या फाटकाचा प्रश्न हातात घेतलात. कुठल्या शाळेचं ते लिहीत नाही. सकाळी फाटकासमोर गाड्या दुहेरी रांगेत उभ्या राहतात आणि मुलांना त्यांच्यामधून वाट काढावी लागते. तुम्ही आम्हा पालकांना त्या गाड्यांच्या मागे उकिडवं बसवलंत आणि रस्ता बघायला सांगितलंत. मुलाच्या उंचीवरून फक्त डिकी आणि नंबरप्लेट दिसते, येणारी गाडी दिसतच नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी निवेदनावर सह्या केल्या: झेब्रा पट्टे, दोन्ही बाजूंना गतिरोधक आणि शाळा भरता-सुटता फाटकासमोर गाड्या लावायला बंदी. निवेदन मराठीत लिहिलंत, कन्नडमध्येही लिहिलंत. तुमच्या वर्गाला मराठी, कन्नड, उर्दू अशा सगळ्या शाळांची मुलं येतात. निवेदन द्यायलाही सगळ्यांचे आईवडील बरोबर आले, याचं मला फार समाधान वाटलं.

पट्टे आले. गाड्या थोड्या लांब लागायला लागल्या, तेही तुमच्यापैकी कुणीतरी रोज सकाळी तिथे उभं राहतं म्हणून. गतिरोधक अजून व्हायचे आहेत. पावसाळ्याआधी डांबर पडलं नाही तर पुढचे चार महिने काही होत नाही, तेव्हा पुन्हा एकदा जायला हवं.

यावेळी आमच्या गल्लीतल्या सह्यांचे कागद माझ्याकडे द्या. संध्याकाळी माग बंद झाले की घरोघरी माणसं भेटतात, मी आणि शेजारच्या वहिनी मिळून सह्या घेऊ. मे महिन्याच्या वर्गासाठी लेकीची जुनी लहान सायकलही घेऊन जा, तिला ती आता पुरत नाही. चेनला तेल घातलंय. मागचा ब्रेक तेवढा आवळून घ्यावा लागेल.

तुमची,
वडगावची एक आई