पुरात बुडालेल्या गाडीची नोंद आरसीवर हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात कोल्हापूरचा माणूस दोन्हीकडून भरडला जातोय, म्हणून हे पत्र. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून कुणाच्याही गळ्यात मारली जाते. आणि ज्याच्या गाडीच्या चाकालासुद्धा पुराचं पाणी लागलेलं नाही, त्याच्याकडे एमएच ०९ पासिंग दिसलं की बाहेरगावचं गिऱ्हाईक पहिला प्रश्न पुराचा विचारतं आणि भाव पाडून मागतं.

शिवाजी उद्यमनगरात माझं गाड्यांच्या कुशनचं काम आहे, वडिलांनी सुरू केलेलं. आम्ही सीट काढतो, मॅटिंग उचलतो, त्यामुळे गाडीचं खरं-खोटं पुष्कळदा मेकॅनिकच्या आधी आमच्या हाताला लागतं. मध्यंतरी कागलकडच्या एक शिक्षिका सीट कव्हर बसवायला गाडी घेऊन आल्या. एजंटामार्फत नुकतीच घेतलेली, परजिल्ह्यातल्या पासिंगची. बाहेरून चकाचक, रीडिंग कमी, आत अत्तराचा घमघमाट. सीट सोडवायला गेलो तर बोल्ट गंजून धरलेले. मॅटिंग उचललं तर खालच्या फोमात गाळ, वाळून पापडी झालेला. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. वरचा सगळा पट्टा स्वच्छ आणि आत गुंडाळलेला शेवटचा वीतभर तपकिरी, मधे सरळ रेघ. बाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. गाडी कर्ज काढून घेतलेली, हप्ता सुरू झालेला. एजंट म्हणाला, घेताना बघून घेतली होती ना!

रविवारी सकाळी रंकाळ्यावर आम्ही गाड्यांचे शौकीन जमतो. विषय सुरू होतो १९६४ च्या मस्टँगपासून, अमेरिकेतल्या व्ही-८ इंजिनांपासून, आणि येऊन थांबतो हिंदुस्थान मोटर्सच्या जुन्या कॉन्टेसावर. तिला आपल्याकडे कौतुकाने देशी मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची दणकट गाडी, म्हणतात. रूप तसं होतंच, पण सुरुवातीला इंजिन मात्र अँबेसिडरच्याच घराण्यातलं, १५०० सीसीचं. इसुझूचं १८०० सीसीचं बसलं तेव्हा त्या गाडीत खरी जान आली. आमच्यातल्या एकाची जुनी प्रीमियर पद्मिनी २०१९ च्या पुरात इथल्या दुधाळीत छपराखालपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं, टाकी आणि ऑइल रिकामं केलं, कार्बुरेटर खोलून धुतला, डिस्ट्रिब्युटर सुकवला, सीटचा काथ्या मी नवा भरला. ती गाडी आजही चालते. कारण तिच्यात लपून खराब होईल असं फारसं काही नव्हतंच.

आजच्या गाडीचं तसं नाही. एअरबॅगचं मॉड्यूल खाली, वायरिंग मॅटिंगखालून, जागोजागी वायरी जोडणारे कपलर. त्यात गढूळ पाणी शिरलं की पितळ हिरवं पडतं, आणि दोष सहा महिन्यांनी, वर्षाने उगवतो. पॉवर विंडो बंद पडली तर खर्चावर भागतं. एअरबॅग वेळेला उघडलीच नाही तर? मला झोप लागू देत नाही ती ही गोष्ट.

ज्या अमेरिकेच्या गाड्यांचं आम्ही एवढं कौतुक करतो, तिथे अनेक राज्यांत पुरात बुडालेल्या किंवा विम्याने मोडीत काढलेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावरच तसा शिक्का पडतो. म्हणून तिथला माणूस जुनी मस्टँग घेतानासुद्धा बॉनेट उघडायच्या आधी कागद मागतो. शिक्का मारलेल्या गाड्याही विकल्या जातात, पण त्यांच्या भावाने. चोरवाटा तिथेही आहेत. तरी निदान विचारायला कागद तरी आहे.

आपल्याकडे काय आहे? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विम्यात ती टोटल लॉस धरतात. मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे नष्ट किंवा कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते. पण टोटल लॉसची गाडी भंगारात विकली गेली आणि आरसी, म्हणजे तिचं नोंदणीपत्र, चालूच राहिली, तर कुठेतरी तिची डागडुजी होते आणि ती पुन्हा बाजारात उभी राहते. जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी एप्रिल २०२३ पासून नियम आले, त्यांना अधिकारपत्र घ्यावं लागतं, ट्रिप रजिस्टर ठेवावं लागतं. चांगलं झालं. पण गाडी कुठे फिरली याची नोंद होणार असेल, तर ती कुठे बुडाली याचीही व्हायला हवी.

माझी मागणी साधी आहे. पुराचा क्लेम मंजूर झाला की विमा कंपनीने तो ‘वाहन’ या गाड्यांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत नोंदवावा आणि आरसीवर तो दिसावा. ज्या गाड्यांना फक्त थर्ड पार्टी विमा आहे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, त्यांचा क्लेमच होत नाही. त्यांच्यासाठी नावावर करतानाच्या फॉर्म २९ मध्ये एक ओळ वाढवावी, ‘हे वाहन पाण्यात बुडाले होते का?’ आणि खाली विकणाऱ्याची सही. खोटं लिहिलं तर निदान ग्राहक आयोगात दाखवायला हातात काहीतरी राहील.

पूरग्रस्त मालकाचं नुकसान होईल, असं काहीजण म्हणतील. त्यांचं दुःख मला कळतं. व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, कुंभार गल्लीतली माझी कितीतरी गिऱ्हाइकं त्यातून गेली आहेत. पण त्यांनी गाडी कवडीमोलाने दिली ती दलालाला, आणि पुढे पूर्ण भाव घेतला तो दलालाने. नोंद झाली तर दलालाचा नफा जाईल, पूरग्रस्ताचं त्यात काही जात नाही. उलट ज्यांच्या गाड्या कोरड्या राहिल्या, त्यांना कोल्हापूरचं पासिंग लपवत फिरावं लागणार नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं. पूर पुन्हा येणार हे इथे शेंबडं पोरही सांगेल. जिल्ह्याच्या आमदार-खासदारांनी हा विषय परिवहन मंत्र्यांपर्यंत न्यावा. कुणाला बुडालेल्या गाडीच्या खुणा प्रत्यक्ष बघायच्या असतील, तर माझ्या दुकानात काढून ठेवलेली मॅटिंग आहेत, केव्हाही येऊन पाहावीत.

आपला,
एक कुशन कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर